बेल्जमचे अन्न आणि लंडनची तिजोरी

१९१४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस मिलार्ड शेलर नावाचा एक अमेरिकन अभियंता ब्रुसेल्सहून लंडनला पोहोचला. जर्मन सैन्याने ब्रुसेल्स जिंकून महिना लोटला होता, आणि शहराच्या नागरिक-समितीने त्याला धान्य विकत आणण्यासाठी धाडले होते. लंडनच्या बाजारात धान्य मिळाले, पण ते देशाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. शत्रूच्या ताब्यातील मुलुखात अन्न पाठविणे म्हणजे शत्रूलाच अन्न पुरविणे, असे इंग्लंडचे म्हणणे होते. त्यावर तोड अशी निघाली की, माल ब्रुसेल्समधील अमेरिकन वकिलाच्या नावे रवाना करावा. अमेरिका तटस्थ होती, आणि वकिलाच्या नावाचे धान्य जर्मन हिसकावणार नाहीत असा भरवसा होता. या छोट्याशा तोडीतून पुढे जी संस्था उभी राहिली, ती चार-साडेचार वर्षे नव्वद लाखांहून अधिक माणसांना जगवीत होती. सरकारांच्या पैशावर चालूनही सरकारांच्या हातातील बाहुले न होण्याची विद्या आधुनिक काळात प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी आजमावली असेल, तर ती या बेल्जम-साहाय्य मंडळाने.

त्या वेळचे बेल्जम हे पाऊण कोटी वस्तीचे, कारखान्यांनी गजबजलेले आणि दाट लोकसंख्येचे राष्ट्र होते. पोळीभाकरीच्या धान्याचा फार मोठा हिस्सा ते परदेशांतून आणीत असे. ऑगस्टमध्ये जर्मन फौजा देशात घुसल्या, कारखाने बंद पडले, आगगाड्या लष्कराने घेतल्या, आणि समुद्राकडून ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी सुरू झाली. जिंकलेल्या प्रदेशातील प्रजेला पोसणे हे जेत्याचे कर्तव्य आहे, असे इंग्लंड म्हणे. त्यावर जर्मनीचे उत्तर ठरलेले असे. नाकेबंदी करणाराच उपासमारीचा धनी आहे. आमच्याच लोकांना अन्न पुरत नाही, तेथे बेल्जनांना कोठून देणार? कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडची बाजू बळकट होती. पण कायद्याने पोट भरत नसते, आणि दोन्ही सरकारे आपापल्या युक्तिवादावर ठाम राहिली असती तर त्या हिवाळ्यात बेल्जममध्ये दुष्काळ पडला असता.

शेलर लंडनमध्ये ज्याला भेटला तो हर्बर्ट हूव्हर हा चाळीस वर्षांचा खाण-अभियंता होता. आयोवा प्रांतातील एका क्वेकर कुटुंबात तो जन्मला, लहानपणीच पोरका झाला, आणि ऑस्ट्रेलिया, चीन अशा दूरदेशांतील खाणींत त्याने मोठी संपत्ती मिळविली. युद्ध सुरू झाले तेव्हा लंडनमध्ये अडकून पडलेल्या हजारो अमेरिकन प्रवाशांना घरी धाडण्याची व्यवस्था त्यानेच लावली होती. स्वभावाने तो रूक्ष होता. चार माणसांत गोड बोलून मने जिंकणे त्याला कधीच साधले नाही. आकडे मात्र त्याच्या जिभेवर असत. अमेरिकन राजदूत वॉल्टर पेज यांच्या पाठिंब्याने २२ ऑक्टोबर १९१४ रोजी मंडळाची स्थापना झाली. अमेरिका आणि स्पेन या तटस्थ देशांचे राजदूत त्याचे आश्रयदाते झाले. ब्रुसेल्समध्ये अमेरिकन वकील ब्रँड व्हिटलॉक आणि स्पॅनिश वकील व्हियालोबार यांनी त्याची पाठ राखली. जर्मन गव्हर्नर-जनरल फॉन डेर गोल्ट्झ याने त्यापूर्वीच, १६ ऑक्टोबर रोजी, लेखी हमी दिली होती की आयात केलेले अन्न केवळ नागरिकांसाठी राहील व लष्कर त्याची सक्तीने वसुली करणार नाही.

पहिले काही आठवडे काम लोकांच्या देणग्यांवर चालले. अमेरिकेतील खेड्यापाड्यांतून पिठाची पोती आली, शाळांतून पैसे आले. परंतु हूव्हरने थोड्याच दिवसांत हिशेब मांडला आणि त्याला कळून चुकले की दानधर्माच्या ओंजळीने हे तळे भरणार नाही. पाऊण कोटी लोकांच्या अन्नाला महिन्याला लाखो पौंड लागणार होते, आणि एवढा पैसा केवळ सरकारांच्या तिजोरीतच असतो. युद्ध चालू असताना युद्ध करणाऱ्या सरकारांकडून शत्रूच्या ताब्यातील माणसांसाठी पैसा मागावयाचा, आणि तोही दर महिन्याला, हे काम पुढे आले.

२१ जानेवारी १९१५ रोजी हूव्हर ब्रिटिश अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना भेटला. लॉइड जॉर्ज यांचा विरोध दुष्टपणाचा नव्हता. तो युद्धनीतीतून आला होता. बेल्जनांना आपण पोसले तर जर्मनांच्या डोक्यावरचा भार उतरतो. शिवाय जर्मनांनी डिसेंबरमध्ये बेल्जमवर महिना चार कोटी फ्रँकांची खंडणी बसविली होती. मग इंग्लंडचा पैसा एका दाराने आत जाणार आणि दुसऱ्या दाराने खंडणीच्या रूपाने जर्मनीच्या खजिन्यात पडणार, असेच होणार नाही काय? नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल आणि युद्धमंत्री किचनर यांचेही मत असेच, किंबहुना अधिक कडक होते. हूव्हरने या आक्षेपांना भूतदयेची उत्तरे दिली नाहीत. इंग्लंड ज्या लहान राष्ट्रासाठी युद्धात उतरल्याचे जगाला सांगते तेच राष्ट्र उपाशी मेले, तर विजयाला अर्थ काय उरणार, असे त्याने विचारले. अमेरिकेतील लोकमत इंग्लंडला हवे आहे, आणि ते लोकमत बेल्जमकडे डोळे लावून बसले आहे, याची त्याने आठवण दिली. दात्याला स्वतःचे हित ज्या ठिकाणी दिसते तेथे बोट ठेवून मदत मागावयाची, ही त्याची रीत. तिच्यात धर्मभावना कमी आणि व्यवहार अधिक आहे असे कोणी म्हणेल. पण लॉइड जॉर्ज यांचे मन वळले ते या व्यवहारानेच.

तथापि मन वळणे वेगळे आणि तिजोरीची कुलूपे उघडणे वेगळे. जर्मनीने खंडणी थांबवावी, अशी अट इंग्लंडने घातली. फेब्रुवारीत हूव्हर बर्लिनला गेला, प्रधानमंत्री बेथमान-होल्वेग यांना भेटला. साहाय्याच्या अन्नाला हात न लावण्याची हमी जर्मनीने पुन्हा दिली, पण खंडणी सोडावयास साफ नकार दिला. येथे सारा व्यवहार मोडावयाचा. तो मोडला नाही, कारण तोपर्यंत लंडन आणि पॅरिस या दोन्ही राजधान्यांना तो मोडणे नको झाले होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मंडळाला पैसा न देता तो बेल्जमच्या सरकारला द्यावा, असे ठरले. हे सरकार त्या वेळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ल हाव्र येथे आश्रयाला होते, आणि त्याने तो पैसा मंडळाकडे सोपवावयाचा होता. दोन्ही राष्ट्रांनी मिळून दरमहा दहा लाख पौंड या वाटेने देण्याचे मान्य केले. कागदावर ते मित्रराष्ट्राला दिलेले कर्ज होते. शत्रूच्या मुलुखाला मदत केल्याचे कोणत्याही मंत्र्याला संसदेत कबूल करावे लागले नाही. त्या वसंत ऋतूत जर्मन सेनेच्या ताब्यातील उत्तर फ्रान्सच्या सुमारे वीस लाख लोकांचे अन्नही मंडळाकडे आले, तेव्हा त्याचा पैसाही फ्रेंच सरकारने असाच, आपले नाव न उच्चारता पुरविला. दात्याला जे नाव घेता येत नाही ते त्याच्या तोंडी घालण्याचा हट्ट हूव्हरने धरला नाही, ही त्याची मोठी चतुराई होय.

या व्यवस्थेचे तंत्र पाहण्यासारखे आहे. अमेरिकेहून आणि इतर देशांतून जहाजे हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात येत. तेथून मालवाहू पडावांतून कालव्यांच्या वाटेने धान्य बेल्जममध्ये जाई. जहाजांच्या दोन्ही बाजूंवर मंडळाचे नाव दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. तरीही काही जहाजे पाणबुड्यांनी बुडविली. १९१५ च्या एप्रिलमध्ये बुडालेले हार्पलीस हे त्यांपैकी एक. देशात वाटपाचे काम बेल्जनांची राष्ट्रीय समिती करी. तिचा सूत्रधार एमिल फ्रांकी हा ब्रुसेल्समधील प्रख्यात बँकव्यवसायी होता. त्याचे आणि हूव्हरचे चीनमधील खाणींच्या व्यवहारात पूर्वी बिनसले होते. भुकेने दोघांना एका मेजाशी बसविले. अन्न सर्वांना फुकट मिळत नसे. ज्याला परवडेल त्याने किंमत द्यावयाची, आणि त्या विक्रीतून उरलेल्या नफ्यातून निर्धनांना अन्न द्यावयाचे, अशी विभागणी होती. त्यामुळे सरकारी पैसा अधिक दूरवर पोहोचला, आणि सगळा देश भिक्षेकरी झाल्याची भावनाही टळली.

पैसा देणाऱ्याची एकच शंका सदा जागी असते. दिलेले कोठे गेले? हूव्हरने ही शंका कोणी विचारण्याआधीच तिचे उत्तर तयार ठेवण्याची व्यवस्था केली. लंडनमधील डेलॉइट, प्लेंडर, ग्रिफिथ्स या नामांकित पेढीने मंडळाचे हिशेब तपासले. जहाजातून उतरलेल्या मालापासून खेड्यातील रोट्याच्या दुकानापर्यंत नोंदी ठेवल्या जात. पिठाची रिकामी पोतीसुद्धा मोजली जात, कारण त्यांचा कापूस स्फोटक दारू बनविण्यास शत्रूच्या उपयोगी पडेल अशी धास्ती होती. त्या पोत्यांवर बेल्जन स्त्रियांनी कशिदा काढून ती दात्यांना परत भेट म्हणून धाडली; त्यांपैकी कित्येक आजही अमेरिकेतील संग्रहांत जपून ठेवलेली आहेत. कारभाराचा खर्च एकूण खर्चाच्या एक टक्क्याहून कमी राहिला. याचे बरेचसे श्रेय बिनपगारी काम करणाऱ्यांना द्यावयास हवे. स्वतः हूव्हरने एक पैही घेतली नाही.

पण हिशेबाची वही सरकारांना जेवढी दाखविता येते तेवढी माणसांची निष्ठा दाखविता येत नाही, आणि खरा त्रास तेथेच होता. मंडळाचे प्रतिनिधी बहुतेक तरुण अमेरिकन होते. पहिल्या तुकडीत ऑक्सफर्डमध्ये शिकणारे ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी पुष्कळ होते. तटस्थता पाळण्याची लेखी प्रतिज्ञा प्रत्येकाकडून घेतली जाई. जर्मन फौजांच्या हालचाली त्यांना रोज दिसत. त्यांविषयी लंडनमध्ये एक अक्षर निघाले असते तर दुसऱ्या दिवशी सगळे काम बंद पडले असते. उत्तर फ्रान्समध्ये तर प्रत्येक प्रतिनिधीबरोबर एक जर्मन अधिकारी चोवीस तास राही. जेवणे एकत्र, प्रवास एकत्र. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ व्हर्नन केलॉग हा युद्धविरोधी मताचा माणूस शार्लव्हिल येथे जर्मन सेनापतींच्या सहवासात असाच राहिला. तेथे ऐकलेल्या संभाषणांनी त्याचे मत पालटले आणि जर्मनीचा पराभव शस्त्रांनीच झाला पाहिजे असे तो म्हणू लागला. पण हे त्याने छापले ते बेल्जममधील काम संपल्यावर, १९१७ साली. तोवर त्याने तोंड मिटून धान्य वाटले. अशा मौनाला भित्रेपणा म्हणावे की कर्तव्य, यावर आजही मदतकार्य करणाऱ्यांत वाद होतात.

इंग्लंडमध्ये संशय कायम होता. हूव्हर हा जर्मनांचा हस्तक आहे अशी कुजबुज सरकारी वर्तुळांत चालू होती, आणि तिची गुप्त चौकशी झाली. चौकशी करणारे न्यायाधीश होते सिडने रौलट. भारतीय वाचकाला हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. १९१८ साली भारतातील राजद्रोहाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते, आणि १९१९ चा काळा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला गेला. हूव्हरला मात्र त्यांनी निर्दोष ठरविले.

ब्रिटिशांनी अटी वाढविल्या, त्याही सगळ्या अन्यायाच्या नव्हत्या. बाहेरून धान्य येते म्हणून जर्मनांनी बेल्जमचे स्वतःचे पीक उचलून नेले, तर मदतीला अर्थ राहत नाही. म्हणून १९१५ चे पीक बेल्जनांसाठीच राखून ठेवावे, ही अट हूव्हरने जर्मनांकडून मान्य करून घेतली. म्हणजे दात्याच्या अटीचे ओझे त्याने भुकेल्यांच्या पाठीवर न टाकता जेत्याच्या पाठीवर टाकले. या एका सौद्याने मंडळाला काय साधता येते ते दिसले. लंडनच्या अटी हे बर्लिनशी बोलताना त्याचे शस्त्र होते, आणि बर्लिनच्या हमीपत्रांवर तो लंडनहून पैसा आणीत होता.

फ्रांकीशी झालेला खटका अधिक कटू होता. १९१६ च्या सुमारास राष्ट्रीय समितीला वाटू लागले की देश आपला, माणसे आपली, वाटपही आपणच करतो. मग परक्यांची देखरेख कशाला? स्वाभिमानाच्या दृष्टीने हे बरोबर होते. परंतु ब्रिटिश परराष्ट्र खात्याने स्पष्ट कळविले की, अमेरिकन देखरेख असेल तरच धान्य येऊ दिले जाईल. बेल्जन समिती कितीही प्रामाणिक असली तरी ती जर्मन बंदुकीच्या टप्प्यात होती. तिला धमकावता येत होते. हूव्हरने या निर्णयाचा पुरेपूर उपयोग केला, आणि त्यात त्याच्या अधिकारलालसेचा अंश नव्हताच असे म्हणणे धाडसाचे होईल. दात्याचे वजन आपल्या पारड्यात टाकून स्थानिक सहकाऱ्याला नमविण्याचा मोह परदेशी मदतसंस्थांना तेव्हापासून जडला आहे, तो आजवर सुटलेला नाही.

आणि मंडळाच्या शक्तीला सीमा होत्या. १९१६ च्या ऑक्टोबरपासून जर्मनांनी लाखाहून अधिक बेल्जन कामगारांना वेठीसाठी उचलून नेले. मंडळ निषेध नोंदवू शकले. थांबवू शकले नाही. पोलंडमध्ये तर सुरुवातच झाली नाही. तेथेही जर्मन ताबा होता, तेथेही भूक होती, आणि हूव्हर व केलॉग यांनी तीच योजना मांडली. ब्रिटिशांनी तेथील स्थानिक पीक लोकांसाठी राखण्याची तीच अट घातली. जर्मनीने ती मानली नाही आणि बोलणी फसली. तोच माणूस आणि तेच शब्द असूनही अन्न गेले नाही. बेल्जमवर लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क यांचे डोळे होते. पोलंडसाठी तेवढी आच कोणालाच नव्हती.

१९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने जर्मनीशी संबंध तोडले आणि एप्रिलमध्ये युद्ध पुकारले. अमेरिकन प्रतिनिधींना बेल्जम सोडावे लागले. देखरेख स्पॅनिश आणि डच प्रतिनिधींकडे गेली. पैशाची बाजू मात्र उलट बळकट झाली. अमेरिकन सरकारच बेल्जमला महिना पंचाहत्तर लाख डॉलर आणि फ्रान्सला पन्नास लाख डॉलर कर्जाऊ देऊ लागले. सगळा हिशेब अखेर मिटला तेव्हा मंडळाच्या हातून सुमारे ९२ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते. त्यांपैकी ७० कोटींच्या आसपास रक्कम तीन सरकारांची होती. जगभरच्या लोकांनी दिलेल्या देणग्या पाच कोटींहून थोड्या अधिक भरल्या. उरलेल्या शिलकेतून १९२० साली बेल्जन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या देवघेवीसाठी प्रतिष्ठान निघाले, ते आजही चालू आहे.

युद्धानंतर रशियात १९२१ चा दुष्काळ पडला, तेव्हा हाच अनुभव पणाला लागला. नॉर्वेचा थोर संशोधक-प्रवासी नान्सेन राष्ट्रसंघापुढे उभा राहून सरकारांकडे पैसा मागत होता. त्याचे भाषण हृदय हेलावणारे होते, पण सरकारांनी हात आखडता घेतला, कारण बोल्शेव्हिक राजवटीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि नान्सेनने सोव्हिएत सरकारशी केलेल्या करारात त्या सरकारला फार वाव आहे असे त्यांना वाटले. हूव्हरच्या अमेरिकन साहाय्य संस्थेने रीगा येथे २० ऑगस्ट १९२१ रोजी कठोर अटींचा करार केला आणि डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसकडून दोन कोटी डॉलर मंजूर करून घेतले. त्या पैशाने मका आणि बियाणे अमेरिकन शेतकऱ्यांकडूनच खरेदी व्हावयाचे होते, म्हणजे शेतमालाच्या पडलेल्या भावांनी त्रासलेल्या मतदारांचेही भले होत होते. नान्सेनची करुणा अधिक निर्मळ होती, यात संशय नाही. व्होल्गाकाठच्या मुलांच्या ताटात मात्र मका अधिक पडला.

१९४० साली जर्मनीने पुन्हा बेल्जम घेतले. हूव्हर आता साठी ओलांडलेला, अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष होता. त्याने तीच योजना पुन्हा पुढे केली. लंडनमध्ये आता प्रधानमंत्रिपदी चर्चिल होते. २० ऑगस्ट १९४० रोजी त्यांनी संसदेत नाकेबंदीतून अन्न सोडण्यास नकार जाहीर केला, आणि पहिल्या युद्धात नौदलमंत्री म्हणून जो विरोध त्यांना पुरता अमलात आणता आला नव्हता तो आता धोरण झाला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर प्रेते पडू लागली, तेव्हा ब्रिटिश जनमत खवळले. ऑक्सफर्डमध्ये याच प्रश्नावर १९४२ साली एक दुष्काळ-निवारण समिती निघाली, तीच पुढे ऑक्सफॅम म्हणून प्रसिद्ध झाली. अखेर ग्रीसपुरती नाकेबंदी सैल झाली. रेड क्रॉसच्या आश्रयाने स्वीडिश जहाजांतून महिना पंधरा हजार टन कॅनेडियन गहू जाऊ लागला, आणि वाटपावर स्वीडिश व स्विस देखरेख बसली. तटस्थ जहाजे, तटस्थ देखरेख, दोन्ही बाजूंची हमी आणि एका सरकारचा पैसा, सगळी घडी १९१४ ची होती.

त्यानंतरच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. बंगाल शत्रूच्या ताब्यात नव्हता, इंग्रजांच्याच राज्यात होता. परवाना देणारे सरकार आणि उपाशी प्रजेचे सरकार तेथे एकच होते, आणि मध्ये उभे राहून दोघांशी बोलणारे मंडळ कोणतेच नव्हते. नोव्हेंबर १९४३ मध्ये कॅनडाने भारताला एक लाख टन गहू देऊ केला. चर्चिल यांनी जहाजांची टंचाई असल्याचे कळवून तो नाकारला.